फळ्यावरचे उपवास

हे लिहायला बसले आणि तिसऱ्यांदा उठले. एकदा दूध बघून आले, एकदा गॅस बंद आहे का ते बघितलं, आणि आत्ता उगाच. सूनबाई म्हणते, "आई, तुमच्या पायाला भिंगरी आहे." असेल बाई. बावीस वर्षं खाणावळ चालवली की मांडी घालून बसणं विसरायला होतं. बसलं की वाटतं, कुणाच्या तरी ताटातली पोळी संपलीय आणि तो बिचारा संकोचून हाक मारत नाहीये.

सावेडीत आमची खाणावळ होती. पाटी नव्हती, लोक 'काकूंकडे' म्हणायचे. पुढच्या खोलीत चार बाकं, मागं स्वयंपाकघर, दुपारी तीस-बत्तीस पानं. बँकेतले, शाळेतले, औषध कंपन्यांचे फिरते प्रतिनिधी, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर, सगळी गाव सोडून नोकरीला आलेली माणसं. मी सांगतेय ती गोष्ट नव्वदच्या दशकातली. तेव्हा सावेडीत मोकळे प्लॉट जास्त आणि बंगले कमी होते.

लोकांना वाटतं खाणावळ म्हणजे स्वयंपाक. स्वयंपाक हा निम्मा धंदा झाला, उरलेला निम्मा अंदाज. सकाळी परातीत पीठ घेताना मला बत्तीस जणांची भूक ठाऊक हवी. हा चार पोळ्यांचा, ही अडीचची, हा भात नुसता चिवडतो. कुणी येणार नसेल तर आदल्या दिवशी सांगायचं, त्याला आमच्यात 'खाडा' म्हणतात. दाराशी काळा फळा होता. डावीकडे 'खाडा', उजवीकडे 'उपवास', वारांखाली नावं. उपवासवाल्यांना साबुदाण्याची खिचडी, नाहीतर भगर आणि दाण्याची आमटी. फळ्याची मला भारी ऐट होती. माझा अंदाज चुकला तर दोन पोळ्यांनी, तिसरी कधी उरली नाही.

आणि अंदाज लावता लावता माणसंही कळायला लागतात. निदान मला तसं वाटायचं.

बँकेतले एक साहेब होते, कुलकर्णी. एरवी तीन पोळ्या. ऑडिट आलं की अकरा! मान खाली, घास तोंडात, पुढचा हातात. एकदा घाईत आमटीत मीठच टाकायचं राहिलं. सगळं बाक ओरडलं, "काकू, मीठ!" कुलकर्णी मात्र वाटी पुढं करून म्हणाले, "अजून घाला, छान झालीय." त्या माणसाला तोंडात काय जातंय तेच कळत नव्हतं. ऑडिट संपलं की परत तीन. पोस्टात एक मुलगी होती, तिचं ठरलेलं लग्न मोडलं. तिनं त्यानंतर दोन महिने प्रत्येक घासाला ठेचा खाल्ला, वरणभातालाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हणायची, "ठेचा लई तिखट होता काकू." मी ठेचा कमी तिखट करून बघितला, तरी तेवढंच पाणी. मग वाटीच तिच्यापुढे सरकवून ठेवायची.

आता दुसऱ्यांचं सांगतेय तर स्वतःचंही सांगते. आमचे हे ज्या कंपनीत होते ती बंद पडली, आणि हे घरी बसून भिंतीकडं बघायला लागले. पंगती उठल्या की साडेतीनला मी ओट्याशी उभी राहून खायचे. तुटक्या पोळ्या, भाताची खरवड, शिळं पिठलं. भूक नसायची. पोट तट्ट व्हायचं तरी हात थांबायचा नाही, कारण हात थांबला की डोक्यात घोळ सुरू. वर्षात ब्लाउज उसवून सैल करावे लागले. लोक म्हणायचे, "काकू, खाणावळ मानवली तुम्हांला!" मीही हसायचे. काय सांगणार, डोंबल!

तर जगताप सर. त्यांच्यासाठीच हे सगळं लिहितेय.

जगताप सर शाळेत विज्ञान शिकवायचे. पस्तिशीचे, पुणतांब्याचे. गोदाकाठी घरची शेती, म्हातारे आईवडील, बायको मंगल आणि लहान मुलगी, सगळी गावी. सर इथं एक खोली घेऊन राहायचे, शनिवारी शाळा सुटली की एस.टी.नं घरी, सोमवारी सकाळी परत. अबोल माणूस. जेवण झालं की ताट उचलून स्वतः मोरीत नेऊन ठेवायचे. बत्तीस जणांत असं करणारे ते एकटेच. त्यामुळं माझा त्यांच्यावर जीव.

श्रावणात त्यांनी सोमवार धरला. श्रावणात कोण धरत नाही? फळ्याची उजवी बाजू तेव्हा खालपर्यंत भरायची. श्रावण संपला, सगळी नावं पुसली, सरांचं राहिलं. मग गुरुवार आला. शिर्डी जवळ, आमच्याकडे गुरुवार घरोघर. मग शनिवार, शनिमहाराजांचा. मग गणपतीचा म्हणून मंगळवार. मध्ये चतुर्थी आणि एकादशी होत्याच. दिवाळीनंतर शुक्रवारही आला.

"काकू, आज उपवास," सर दारातूनच म्हणायचे.

"खिचडी केलीय, बसा."

"नको, फक्त ताक. आणि एखादं केळं द्या, नेतो खोलीवर."

मी केळं द्यायची आणि मनातून हात जोडायची. काय हा निग्रह! बाकीच्यांना ऐकवायची सुद्धा. "तुम्ही तीन-तीनदा खिचडी घेता नि त्याला उपवास म्हणता. सरांकडं बघा जरा." सर खाली बघून ताक प्यायचे. पट्ट्याला त्यांनी खिळ्यानं नवीन भोक पाडलेलं मला दिसलं होतं. खोटं कशाला बोलू, दिसलं होतं. मला वाटलं, तपाचं तेज.

आमच्याकडे साळवे सिस्टर जेवायच्या. शेवगावकडच्या, मोकळ्या हसायच्या, स्वयंपाकघराच्या दाराशेजारची जागा त्यांची. निघताना दारात चप्पल घालत रोज म्हणायच्या, "येते काकू." त्या बौद्ध. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढं माझ्या तोंडून जे गेलं ते त्यावरून गेलं.

त्या दिवशी गुरुवार होता. सर ताक पिऊन गेले. सिस्टर त्यांच्या पाठीकडं बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "काकू, एक बोलू का? मला ह्ये उपवास वाटत न्हाईत. सर जेवतच न्हाईत. दोन्हीत फरक हाय."

"म्हणजे?"

"उपवासाचा मानूस दुसऱ्या दिवशी ताटावर तुटून पडतो. ह्ये बुधवारी बी अर्धी पोळी खात्यात. हाक मारली की दुसऱ्या हाकेला बघत्यात. आमच्या वॉर्डात अशी येत्यात मानसं. मनाचं दुखनं असतं, पोटावर निघतं. त्यांच्या घरी कळवा."

मला राग आला. माझ्या फळ्यावरच्या सगळ्यात पुण्यवान माणसाला ही बाई आजारी म्हणतेय! आणि भरल्या पंगतीत मी म्हणाले, "सिस्टर, तुम्हांला काय कळणार उपवासातलं? तुमच्यात असतं का काही?"

सिस्टरनी ताटातलं संपवलं. ताटात टाकायची त्यांना सवय नव्हती. हात धुतले आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या, जेवल्या, गेल्या. रोज येत राहिल्या. जवळपास दुसरी खाणावळ नव्हती, येतील नाहीतर काय करतील? पण 'येते काकू' बंद झालं. मला ते रोज दारात ऐकू न येता ऐकू यायचं. तरी मी ताठ. पोळी वाढायची आणि नजर चुकवायची.

मार्गशीर्षातला एक मंगळवार. पहिली पंगत बसायची होती. दारात एक बाई आली. हातात पिशवी, पदर खोचलेला, चेहरा तापलेला.

"काकू कोन?"

"मी. बोला."

"मी जगताप मास्तरांची मंडळी. काय जेवू घालता ओ तुमी त्यांना? हाडाची काडं झाल्यात मानसाची! दर रैवारी म्हनत्यात, मेसचं तेलकट खाऊन पोट बिगडलंय, पेज दे. पैसे घेता नि वर तेलात बुडवता व्हय?"

माझं डोकं सणकलं. "तेलकट? अहो बाई, तुमचे मास्तर माझं तेल खातात कुठं? आठवड्यातले पाच दिवस उपवास त्यांचे! हा बघा फळा!"

मंगलनं फळा वाचला. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. प्रत्येक वाराखाली जगताप, जगताप, माझ्याच अक्षरात.

"उपास?" ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "घरी फक्त शनवारचा सांगत्यात. म्हनत्यात, आठवडाभर काकूंकडं लई खातो, त्यानंच पोट बिगडतं."

तिला वाटत होतं इथं जेवतात, मला वाटत होतं देवासाठी सोडतात आणि रविवारी घरी जेवतात. सातही वार आमच्या डोळ्यांपुढं होते, आणि सातांपैकी एकाही वारी तो माणूस धड जेवत नव्हता.

"हायेत कुठं ते?" तिनं विचारलं. "ह्या रैवारी घरी आलेच न्हाईत. शाळेत जाऊन आले, तिथं म्हनले, कालपासून न्हाईत. शिपाई म्हनला, जेवायला काकूंकडं असतील."

शनिवारी दुपारी ताक पिऊन गेलेले. रविवारी मला वाटलं पुणतांब्याला असतील. सोमवारी आले नाहीत, मला वाटलं उपवास कडक केला. आजही वाट बघितली नसती, मंगळवारच होता. तीन दिवस माणूस दिसला नाही आणि माझा अंदाज एका पोळीनंही चुकला नाही! आग लागो त्या अंदाजाला.

पोळपाट तसाच टाकून मी निघाले. पायात एक चप्पल माझी, एक ह्यांची. फाटकात साळवे सिस्टर समोरून येत होत्या, ड्यूटीच्या पांढऱ्या साडीत. मी त्यांचा हात धरला. इतक्या दिवसांत मी त्यांच्याशी 'पोळी वाढू का'पलीकडं बोलले नव्हते.

"सिस्टर, जगताप सर..."

"चला," त्या म्हणाल्या. काय झालं, कसं झालं, एक शब्द विचारला नाही.

खोली दोन गल्ल्या मागं. दार आतून लावलेलं. मंगलनं दोन्ही हातांनी दार बडवलं. "अहो! मी आलेय! उघडा की ओ!" आतून काही नाही. मी हाका मारल्या. काही नाही. मंगल उंबऱ्यावरच बसली आणि रडायला लागली, "माझी पोर लहान हाय वो काकू." मी त्या अंगणात नुसती इकडून तिकडं फिरत होते. देवाचं नाव घ्यायला गेले तर तोंडात वारच यायला लागले.

सिस्टर खिडकीकडं गेल्या, झडप ढकलली. खिडकीच्या फळीवर केळी ठेवलेली होती, एका ओळीत. एक पिवळं, एक ठिपक्यांचं, बाकी काळी पडलेली, शेवटच्याला पाणी सुटलेलं. माझीच केळी. त्यापलीकडं खाटेवर सर बसलेले होते. जागे होते. आमच्याकडं बघत होते.

"बसल्यात, जिते हायेत," सिस्टर मागं न वळता म्हणाल्या. मग आत बघून, अगदी रोजच्या आवाजात, "सर, मी साळवे सिस्टर. दार उघडायचं तेवढं काम तुमी करा. बाकी काय करू नका. बाकीचं आमी बघतो."

किती वेळ गेला देव जाणे. मला मध्येच ओरडावंसं वाटत होतं, सिस्टरनी हातानं गप्प केलं. त्या तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या. मग पुन्हा. मग खाट करकरली आणि कडी निघाली.

सर दाराला धरून उभे होते. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. मंगलकडं बघून म्हणाले, "तू कशाला आलीस? म्हशींचं कोण बघतंय?" तिनं त्यांना जी मिठी मारली! आमच्यासारख्या दोन परक्या बायांसमोर, भर दुपारी.

मी म्हटलं, पळत जाऊन तुपातला शिरा करून आणते. सिस्टर म्हणाल्या, "एकदम न्हाई, काकू. साखर-मिठाचं पानी. चमचा-चमचा." मी तांब्या आणायला वळले आणि मला राहवेना. "सिस्टर, त्या दिवशी मी बोलले ते..."

"ते ऱ्हाऊ द्या. पानी आना."

रिक्षानं दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं, आणि दोन दिवसांनी मनाच्या डॉक्टरांना दाखवलं. तेव्हा त्यांना लोक सरळ वेड्यांचा डॉक्टर म्हणायचे. मंगलचे सासरे आले, ते म्हणाले, कुणीतरी करणी केलीय. मी आणि सिस्टर दाराशीच उभ्या राहिलो, म्हटलं करणी नंतर बघू, आधी गोळी. डॉक्टर समजूतदार होते. मी त्यांना विचारलं, असं झालं तरी काय? त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. मन खचलं की कुणाची भूक मरते, घास तोंडात फिरतो. आणि काळजीनं कुणाचं उलटं होतं, भूक नसताना माणूस खात सुटतो. दोघांनाही लोक म्हणतात, जरा मनावर घ्या. मी तिथल्या तिथं पदर नीट केला. त्या क्षणी मला अकरा पोळ्यांचे कुलकर्णी आठवले, आणि साडेतीन वाजता ओट्याशी उभी राहिलेली मी.

कारण विचाराल तर मला सांगता येणार नाही. आम्ही सगळ्यांनी शोधलं. कर्ज नाही, भांडण नाही, नोकरी पक्की. सरांनाही सांगता आलं नाही. बरं वाटायला लागल्यावर एकदा म्हणाले, "काकू, मरायचं ठरवलं नव्हतं. जगायचं राहून चाललं होतं. आणि उपवास म्हटलं की कुणी आग्रह करत नाही, कुणी का म्हणून विचारत नाही. उलट मान देतात." मान दिला होता मी. पंगतीत उभं करून दिला होता.

सरांना दवाखान्यात नेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी फळ्याची उजवी बाजू पुसली होती. 'उपवास' खोडून लिहिलं, 'आज कोण आलं नाही'. लोक हसले. "काकू, हजेरी घेता का शाळेसारखी?" हो, घेते. दोन वेळा नाव आलं की मी खोलीवर जाऊन बघायची. एकदोघांनी नाक मुरडून दुसरीकडं डबा लावला. लावू दे. आणि साडेतीन वाजता मी ताट वाढून घ्यायला लागले. बसायला जमलं नाही, पण ताट तरी घेतलं.

सर महिना-दीड महिना गावी राहिले, मग शाळेत रुजू झाले. मंगल आणि पोर आता इथंच आली होती. तरी दुपारचं ताट माझ्याकडं, हा मंगलचा हुकूम. गोळ्या चालू होत्या. अर्धी पोळी, पाऊण पोळी. मी घास मोजायची नाही, डॉक्टरांनी तसं बजावलं होतं. पण डोळे काही ऐकत नाहीत, मेले. भूक अशी ती लागलेली दिसत नव्हती. औषध घ्यावं तसं ते खायचे.

महाशिवरात्र आली. माझ्याकडे शिवरात्रीला तवा चढत नाही. सासूबाईंपासूनची रीत. त्या दिवशी सगळ्यांना भगर, आमटी, रताळी. फळ्यावर लिहायचीही गरज नसायची. पंगत उठली होती, सिस्टर ड्यूटी संपवून उशिरा आल्या होत्या, मी त्यांच्यापुढं भगर ठेवली. तेवढ्यात सर आले. मंगल घरी नव्हती, गावी गेली होती.

"बसा सर, भगर गरम आहे."

ते उभेच राहिले. मग लाजून, लहान पोरासारखे म्हणाले, "काकू, भाकरी आहे का हो? भूक लागलीय."

मी त्यांच्याकडं बघितलं. सात महिन्यांत ह्या माणसाच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता. सासूबाईंचा फोटो समोरच होता. म्हटलं, आज रागवा हवं तर. तवा काढला, बाजरीचं पीठ मळलं. पहिली भाकरी चिरली. दुसरी टम्म फुगली. सरांनी ती ठेचा-तेलाशी खाल्ली, बोटं चाटली, ताट पुढं करून म्हणाले, "अजून अर्धी." मी पाठ फिरवून थापत राहिले.

मागून सिस्टरचा आवाज आला. "काकू, मला बी टाका भाकरी."

"अहो, भगर वाढलीय ना?"

"मला भगर आवडत न्हाई, काकू. आमच्यात शिवरात नसती. तीन शिवराती तुमी वाढली, मी खाल्ली. तुमी कदी विचारलंच न्हाई."

चिडून नाही म्हणाल्या, सहज म्हणाल्या. मला मात्र तव्यापेक्षा जास्त चटका बसला. बत्तीस जणांची भूक तोंडपाठ असलेली मी! मी वळले, पिठाच्या हातानंच डोळे पुसले आणि म्हटलं, "सिस्टर, चुकलं माझं. आजचं पण आणि त्या दिवशीचं पण. कशाशी घेता भाकरी, दुधाशी की ठेच्याशी?"

"ठेच्याशी. आन् तुमी बी बसा जरा, उपवास हाय ना तुमचा? ती भगर घ्या."

त्यांच्यापुढची भगर मी माझ्याकडं ओढली आणि बाकावर बसले. तिघं जेवलो. सरांनी सवयीनं तिघांची ताटं उचलली आणि मोरीत नेली. सिस्टर दारात गेल्या, चप्पल घातली, पर्स खांद्याला लावली आणि मागं वळून म्हणाल्या, "येते काकू."